काठीला पाणी लागेपर्यंत

औषधांपेक्षा मला खोटी दुखणी जास्त आठवतात. खरं दुखणं घेऊन आलेला माणूस बरा झाला की निघून जातो. तो आपल्याला विसरतो, आपण त्याला विसरतो. खोटं दुखणं मात्र घरून मोठ्या हौसेने सजवून आणलेलं असतं. त्यात कण्हणं कुठे घालायचं, डोळे कधी मिटायचे, सगळं ठरलेलं असतं. एवढ्या मेहनतीने केलेली गोष्ट विसरली तर ते बरं दिसणार नाही.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मी बोर्ली पंचतनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. तेव्हा आमचा कुलाबा जिल्हा होता. हल्लीच्या मुलांना कंपाउंडर म्हणजे काय तेही सांगावं लागतं. डॉक्टर आतल्या खोलीत तपासायचे आणि चिठ्ठीवर त्यांचं त्यांना आणि मला कळेल असं काहीतरी लिहायचे. मी भिंतीतल्या खिडकीमागे उभा राहून खलात पूड करायचा, पुड्या बांधायचा, मोठ्या बरण्यांतून मिक्श्चर ओतायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत एक डोस. जखमा धुणं, आयोडीन लावणं, पट्ट्या बांधणं हेही माझ्याकडेच. लोक मला कंपोंडरदादा म्हणायचे आणि डॉक्टरांना सांगायला लाजत ते मला सांगायचे.

नव्या सुना यायच्या. डोकं दुखतंय, भूक नाही, छातीत धडधडतंय. बरोबर सासू. आमचे डॉक्टर म्हातारे आणि मनाचे मऊ होते. नाडी पाहायचे, जीभ पाहायचे आणि गंभीर चेहऱ्याने सासूला सांगायचे, "हवापालट पाहिजे. आठ दिवस माहेरी पाठवा." सून खिडकीशी औषध घ्यायला यायची तेव्हा डोकं निम्मं उतरलेलं असायचं. मी बाटलीत वेलदोड्याचं पाणी भरून द्यायचा. तेवढं नाटक आमच्याकडूनही व्हायला नको का?

खोटं दुखणं ओळखायचं कसं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. त्यात विद्या काही नाही. खोट्याने विव्हळणारा माणूस आधी बघतो की आपल्याकडे कोण बघतंय. खरं दुखतं त्याला कोणी बघावंसंच वाटत नाही. त्याची नजर कुठेच नसते, वरच्या ओठावर घाम येतो आणि तो गप्प होतो. बस, एवढंच. पण त्याहून अवघड होते ते दुखणं लपवणारे, आणि तशांत कोळणी पहिल्या. एक बाई पिकलेलं बोट घेऊन दोन बाजार मासळी विकत होती. मी बोट धरलं तेव्हा मलाच म्हणाली, "दादा, बोंबील घेतव काय?"

हे सगळं सांगायचं कारण, या माझ्या नजरेमुळे दवाखान्याबाहेरचं एक काम माझ्या गळ्यात पडलं होतं. वर्षातून एकदा, शिमग्यानंतर, मला पुळणीवर नेऊन बसवायचे.

पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू. आमच्याकडे हुतुतू तिथे खेळायचे. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततात, म्हणून मैदान आखायचं ते खाली, ओहोटीने मोकळ्या केलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर. शिमग्याची पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले की सकाळी पाणी लांब गेलेलं असे आणि दुपारी परत यायचं. त्या दिवशी दिघीच्या खाडीपलीकडचे कोळी होड्या भरभरून यायचे. पलीकडचे आणि अलीकडचे असा सामना. बायका नवी लुगडी नेसून, डोक्यात अबोलीचे वळेसर माळून वाळूवर ओळीने बसायच्या. ऊन असायचं पण वाराही असायचा, सुरूच्या झाडांतून सारखा एक आवाज येत राहायचा, आणि त्या आवाजात ढोल लांबून, पाण्याखालून वाजल्यासारखा वाटे. आजही दुपारी डुलकी लागली की मला प्रथम तो आवाज ऐकू येतो.

शाळेतले गुरुजी पंच असत. त्यांच्याकडे मनगटी घड्याळ होतं, पण त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. वेळ बघायची ती समुद्राकडे बघून. मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात बांबूची एक काठी रोवलेली असे. भरतीचं पाणी वर चढत चढत काठीच्या बुडाला लागलं की खेळ संपला. त्या घटकेला जो पुढे, तो जिंकला. याच्यावर वाद नाही.

आता चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. जो संघ पुढे असेल त्याला पाण्याची घाई. मग पाणी जवळ आलं की त्या संघात दुखणी सुरू व्हायची. कोणाचा पाय मुरगळायचा, कोणाच्या पोटात कळ यायची, एकाला तर एकदा अचानक ऐकू येईनासं झालं. गडी पडला की गुरुजी शिट्टी मारायचे, दोन्ही संघ वाळूवर बसायचे आणि मी माझी पेटी घेऊन मैदानात जायचा. मी 'खरं' म्हटलं तर गडी बाहेर आणि खेळ पुढे. 'खोटं' म्हटलं तर तो बाद, म्हणजे हुतुतूच्या भाषेत मेला. पण मी काहीही म्हणेपर्यंत आम्ही बसलेले आणि पाणी चाललेलं. म्हणून मी घाई करायचा. पेटीत अमोनियाची बाटली ठेवलेली असे. नुसतं बूच काढलं की पुष्कळसे पाय आपोआप सुटायचे.

या पडणाऱ्यांचा राजा म्हणजे आमच्या अलीकडच्या कोळीवाड्यातला धाकू. वीस-बावीसचा, सडपातळ, आणि चढाईला असा की दम धरून पलीकडच्या अंगणात शिरला की चार जणांत वाऱ्यासारखा फिरून यायचा. इतका चांगला खेळणारा गडी लोळतो कशाला, हे मला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं. तो हसून म्हणाला, "कंपोंडरदादा, खेळताना लोक माझे पाय बघतात. पडलो का माझं तोंड बघतात." त्याचं ओरडणं तर असं की खाडीतल्या होड्यांवरची माणसं उभी राहून बघत. गुडघा खरचटला तरी आई, बाप, दर्या, देव सगळ्यांना हाका जायच्या. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचा, उगाच कशाला खोटं बोलू? नाटकवाले आमच्याकडे कधी आले नाहीत. आमचं नाटक धाकू होता.

पण एका वर्षी त्या नाटकाची किंमत त्याच्यापुढे उभी राहिली. पलीकडच्या लखमा तांडेलाची मुलगी चांगुणा त्याच्या मनात भरली होती, आणि तिच्याही मनात काही कमी नव्हतं. तांडेल म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस. खलाशी त्याच्या शब्दावर दर्यात उतरतात. धाकूची आई मागणं घालायला होडीतून पलीकडे गेली. लखमाने तिला मान दिला, चहा दिला आणि सरळ सांगितलं, "पोर तुझा चांगला हाय, वयनी. पण जो पुळणीवर खोटा लोळतो, तो माझ्या मचव्यावर दोर धरून उभा ऱ्हईल काय? रात्री वारा फिरला नि हा म्हणला माझा हात दुखतो, तं मी काय समजू?"

म्हातारी परत आली ती दवाखान्यात माझ्यापाशी रडली. बरोबर धाकू होता. मी त्याला काय सांगणार? म्हटलं, "एक सामना न पडता खेळ. तांडेल बघायला येतोच." धाकू म्हणाला, "न्हाय पडणार. मेलो तरी उभा मरंन." त्या दिवशी तो प्रथमच माझ्याशी बोलताना इकडेतिकडे कोण आहे ते बघत नव्हता.

ही गोष्ट दोन्ही कोळीवाड्यांत पसरायला किती वेळ लागणार? त्या वर्षी पुळणीवर जेवढी माणसं आली तेवढी मी तिथे कधी पाहिली नव्हती. लखमा तांडेल एका पालथ्या होडीवर बसला होता, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. चांगुणा बायकांच्या ओळीत मागे. तिच्याकडे कोणी बघत नाही असं दाखवत सगळेच तिच्याकडे बघत होते. पलीकडच्यांचा म्होरक्या तिचा थोरला भाऊ काशिनाथ, खांद्याने रुंद, पकडीला लोखंड.

खेळ सुंदर झाला. सगळा मला आठवत नाही, तुकडे आठवतात. ओल्या वाळूत आकाश दिसत होतं आणि गडी त्या आकाशावरून धावत होते. धाकू पडला, म्हणजे पाडला गेला, पण प्रत्येक वेळी न ओरडता उठला. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. एक म्हातारी मोठ्याने म्हणालीसुद्धा, "आज याला काय झालंय? बरा हाय ना?" लोक हसले. तांडेल हसला नाही.

बरोबरी चालली होती आणि पाणी काठीपासून दोन-तीन हातांवर आलं होतं, तेव्हा धाकू चढाईला गेला. काशिनाथने त्याचा डावा हात मनगटाशी धरला. आणखी दोघे कमरेला पडले. धाकूचा दम चालूच होता, आणि त्या तिघांखालून तो मधल्या रेघेकडे असा झेपावला की उजव्या हाताची बोटं रेघेपलीकडे गेली. तिघेही बाद. आमचा संघ पुढे गेला. आमच्याकडचा ढोल वेडा झाला.

धाकू उठला. हसतही होता. पण डाव्या हाताचं बोट त्याने लंगोटाच्या दोरीत अडकवलं होतं, सहज अडकवल्यासारखं. त्याचा खांदा मला दिसला. खांद्याला एक गोलाई असते ती गेली होती. तिथे कोपरा दिसत होता. सांधा निखळला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वरच्या ओठावर घाम होता आणि नजर कुठेच नव्हती.

इतक्या वर्षांत पडलेल्या गड्यांना उठवायला मी मैदानात गेलो होतो. उभ्या गड्यासाठी कधी गेलो नव्हतो. पण तो खांदा उद्या जाळं ओढणार होता, त्याला असंच खेळू देणं माझ्याने होईना. मी पेटी घेऊन उठलो. गुरुजींनी शिट्टी मारली. दोन्ही संघ खाली बसले. मैदानात धाकू एकटा उभा.

"धाकू, हात वर कर."

"जा तुम्ही, दादा," तो ओठ न हलवता म्हणाला. "मना काय न्हाय झालं."

"खांदा निखळलाय तुझा."

"मी पडलो न्हाय. उभा हाय मी. लोकांना सांगा, मी पडलो न्हाय."

आयुष्यभर दुखण्याचं नाटक केलेला माणूस माझ्यापुढे उभा राहून बरं असल्याचं नाटक करत होता, आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. मला हसू आलं नाही. मी गुरुजींकडे वळून मोठ्याने म्हणालो, "खरं आहे. खांदा गेलाय."

पलीकडच्या लोकांत एकच हुर्यो उठली. आजवर माझ्या शब्दावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. पण आमचा संघ पुढे, पाणी काठीजवळ, मी अलीकडचा, आणि गडी कोण, तर धाकू! "कंपोंडर बी मिळाला त्यांना!" कोणीतरी ओरडलं. काशिनाथ वाळूवर थुंकला. मी होडीकडे पाहिलं. लखमा तांडेलाने गुडघ्यांवरचे हात काढून छातीवर बांधले होते. खोटं सांगितलं असतं तर धाकू बाद झाला असता. खरं सांगितलं म्हणून तो लबाड ठरत होता.

या गोंधळात एक बारीक लाट पुढे आली आणि काठीपासून वीतभर अंतर ठेवून परत गेली. पुढची लाट काठी शिवणार, आम्ही जिंकणार. सगळे तिकडेच बघत होते.

धाकू चालू लागला. डावा हात तसाच दोरीत अडकवलेला. तो खाली काठीपाशी गेला, उजव्या हाताने ती हलवून उपटली, आणि तिच्यासकट पुळण चढू लागला. मैदान मागे टाकून तो कोरड्या वाळूजवळ, जिथे मागच्या भरतीचा कचरा पडला होता तिथवर गेला आणि तिथे त्याने काठी रोवली.

"आरं काय करतंस?" आमच्या संघातून आरडाओरडा झाला. "जिंकलो व्हतो आपण!"

धाकूला धाप लागली होती. "माझ्यामुलं थांबला खेळ," तो म्हणाला. "थांबल्यावर आलेलं पाणी मना नको. खेळा तुम्ही."

सुरूचा आवाज तेवढा चालू होता. गुरुजींनी काठीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. कारण तोवर पाणी मैदानावर आलं होतं आणि रेघा पुसल्या जात होत्या. आता खेळायचं कुठे? तेव्हा बायकांच्या ओळीतून चांगुणा उठली. ती येऊन पाण्यात, जिथे कडेची रेघ होती तिथे उभी राहिली. तिच्या शेजारी धाकूची आई येऊन उभी राहिली. मग पलीकडच्या आणि अलीकडच्या बायका, म्हातारे, सगळे घोट्याएवढ्या पाण्यात येऊन उभे राहिले आणि माणसांच्याच रेघा झाल्या. दोन म्हाताऱ्यांनी जाळ्याचा दोर मध्ये ताणून धरला. ती मधली रेघ.

त्या पाण्यातला खेळ मला स्वप्नासारखा आठवतो, आणि कधीकधी शंका येते की तो तसा झालाच होता ना. गडी धावले की पाणी उन्हात उडायचं आणि थेंब खाली येईपर्यंत कोण कुठे आहे ते कळायचं नाही. कोणी बाद झाला की रेघेतल्या बायकाच सांगायच्या, आणि खरं सांगायच्या. पलीकडची बाई पलीकडच्या गड्याला म्हणे, "शिवलं तुला, चल बाहेर." धाकू वर काठीशेजारी उभा होता. मला हात लावू देईना. "पाणी लागू दे आधी," म्हणाला. पाणी काठीला लागलं तेव्हा आम्ही एका गड्याने हरलो होतो.

आता हे सामने शाळेच्या पटांगणात होतात. चुन्याच्या रेघा, हातात घड्याळ, बाहेर प्रथमोपचाराची पेटी घेऊन कोणीतरी डगलेवाला. दुखापत झाली की घड्याळ थांबवतात. चांगली सोय आहे, मी तक्रार करत नाही. धाकू आणि चांगुणाच्या घरी माझं जाणं-येणं आहे. त्याला साधं पडसं झालं तरी तो अंथरुणात असा कण्हतो की शेजारी गोळा होतात, आणि चांगुणा माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणते, तुम्हीच ठरवा खरं की खोटं. दवाखान्यात मी अनेकांचं दुखणं हलकं केलं असेल. पण आपण काय कमावलं असं मनात आलं की मला दवाखाना आठवत नाही, ती पुळण आठवते. आणि तिथलं सर्वांत शेवटचं अजून सांगायचं आहे.

डॉक्टर त्या दिवशी श्रीवर्धनला गेले होते. खांदा मलाच बसवायचा होता. त्यांना बसवताना मी पुष्कळदा पाहिलं होतं, हात धरायला मदतही केली होती. माणसाला उताणं निजवायचं, त्याच्या काखेत आपली टाच रोवायची आणि हात धरून सावकाश, न झटकता ओढत राहायचं. पण त्याचं अंग दुसऱ्या कोणीतरी घट्ट धरावं लागतं. मी आमच्या गड्यांकडे पाहिलं. ते रुसून लांब बसले होते. हरलेल्या माणसांना त्या घटकेला कोणाचा खांदा दिसत नाही.

तेवढ्यात वाळूत मोठी पावलं वाजली. लखमा तांडेल होता. तो धाकूच्या डोक्याशी मांडी घालून बसला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरलं. दोर धरून धरून घट्टे पडलेले हात होते ते. मी बोटांनी खांदा चाचपला. तांडेल माझ्या बोटांकडे बघत होता. निखळलेला सांधा त्याला माझ्याइतकाच दिसत होता.

मी टाच रोवली आणि ओढायला लागलो. धाकूचं तोंड राखेसारखं झालं. दात ओठात रुतले आणि ओठातून रक्त आलं, पण आवाज नाही. भोवती गर्दी जमली होती. चांगुणाही होती. तांडेलाच्या मांडीवर डोकं ठेवून तो वर बघत होता.

तांडेल खाली वाकला. त्याने पंज्याने धाकूच्या ओठांवरचं रक्त पुसलं.

"ओरड रे पोरा," तो म्हणाला. "आता ओरडलास तरी चालंल."

त्याच क्षणी सांधा आत बसला, आणि धाकू ओरडला. आई, बाप, दर्या, देव सगळ्यांना त्याने हाका मारल्या. खाडीतल्या होड्यांवरची माणसं उभी राहिली. आणि त्या ओरडण्याला आजवर हसत आलेली सगळी पुळण त्या दिवशी रडली.